आबांच्या हातचा रेडिएटर

"थांबव! रणधीर, कडेला घे म्हणतोय ना!"

मी ओरडलो तेव्हा इंजिनाच्या तापमानाची सुई लाल पट्ट्यात जाऊन बसली होती. रणधीरनं गाडी पन्हाळ्याच्या चढावर कडेला घेतली, किल्ली फिरवली आणि स्टिअरिंगवर अशी थाप मारली की हॉर्नच वाजला. समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसानं खिडकीतून डोकं काढून आम्हाला बघितलं. मी उतरून बॉनेट उघडलं, तर वाफेचा भपकारा थेट तोंडावर आला.

"झालं? परत झालं?" रणधीर मागून म्हणाला.

"दिसतंय ना तुला."

"मग सांग की लगा, काय झालंय त्याला! इंजिन तू बांधलंस का मी?"

"इंजिनाला काही झालेलं नाही."

"इंजिनाला काही झालं नाही म्हणून मग आपण हितं पन्हाळ्याची हवा खायला उभारलोय व्हय?"

मी बॉनेटला टेकू लावला. उत्तर दिलं असतं तर हाणामारीच झाली असती. आम्ही एका बाकावर बसून शिकलेलो, त्यामुळं एकमेकांना काय बोललं की झोंबतं ते दोघांनाही पाठ होतं.

रणधीरनं नाक वर करून हुंगलं. "वास कसला येतोय रे? आमटीगत?"

"तुला खाण्याशिवाय दुसरं काय सुचतंय का कधी?"

वळणावर एक खानावळ होती. तिथला वास असणार, म्हणून मी तो विषय तिथंच सोडला आणि इंजिन गार व्हायची वाट बघत दगडावर बसलो.

ही गोष्ट मोबाईल नुकते आले होते तेव्हाची. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज होतं, अजून आहे. साध्या गाड्या मी पोटासाठी करायचो. पण हौस होती ती इंजिनं चढवायची. साधी घरगुती गाडी घ्यायची, ब्लॉक बोअर करायचा, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, कॅमशाफ्ट बदलायचा, दोन कार्ब्युरेटर टाकायचे, आणि मग ती गाडी अशी सुटायची की मालकालाच धडकी भरावी. रणधीर मगदूमची पांढरी गाडी हे माझं तोवरचं सगळ्यात मोठं काम. येत्या रविवारी गगनबावड्याच्या घाटात चढाईची शर्यत होती. पुण्या-मुंबईची, बेळगावची पोरं येणार होती. "उम्या, तुझ्या इंजिनाचा नाद कुणी करायचा न्हाई," असं रणधीर गावभर सांगत सुटला होता. आणि त्याची गाडी चढाला लागली की चौथ्या-पाचव्या वळणावर उकळत होती.

गंमत अशी, की जागेवर उभी असली तर शहाण्या बाळासारखी. पंखा लागायचा, सुई मधोमध. रस्त्यावर हळू चालवली तरी ठीक. जोर मागितला की संपलं.

"एक बोलू? चिडणार न्हाईस तर," रणधीर म्हणाला.

"चिडणारच आहे. बोल."

"रेडिएटर बदलूया."

"रणधीर."

"ऐकून तरी घे. पुण्यात अ‍ॅल्युमिनियमचा मिळतोय, शर्यतीसाठीच बनवलेला..."

"तो रेडिएटर आबांनी केलाय."

"म्हणूनच तर. इतका वेळ गप्प बसलो ना मी? दुसऱ्या कुणी केलेला असता तर पहिल्याच दिवशी भंगारात घातला असता."

आबा म्हणजे माझे वडील, दत्तोबा तांबट. आम्ही जातीचे आणि कामाचेही तांबट. आजोबांनी बंब, घागरी घडवल्या, आबांनी रेडिएटर धरले. तांब्या-पितळेचा रेडिएटर गळायला लागला की त्याला डाख द्यायला, म्हणजे शिसं-कथील वितळवून सांधा बुजवायला, निपाणीपासून रत्नागिरीपर्यंतचे ट्रकवाले आबांकडे यायचे. दत्तोबाच्या हातचा रेडिएटर गळत नाही, असं लाइनीवर बोललं जायचं. मग नव्या गाड्या आल्या, प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर आले. ते फुटले की फेकायचे आणि नवे बसवायचे. आबांच्या शेडमध्ये माणूस फिरकेनासा झाला. गॅरेजच्या शेजारीच त्यांची शेड आणि मागं आमचं घर, त्यामुळं हे सगळं मला रोज डोळ्यांनी दिसत होतं. ते सकाळी आठला शेड उघडायचे, हौद भरायचे, हत्यारं पुसायचे आणि रस्त्याकडं तोंड करून बसायचे.

म्हणून या गाडीचा रेडिएटर मी त्यांना करायला सांगितला. तीन पदरी जाळी, जाड नळ्या, वर-खाली पितळी टाक्या. म्हातारा पंधरा दिवस खुशीत होता. काम पुरं झालं तेव्हा पितळ घासून असं चमकवलं की आई म्हणाली, देवघरात ठेवायचा का गाडीत?

आणि आता तो काढून पुण्याचा बसवायचा? आबा काही बोलले नसते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेड उघडली नसती, एवढंच. ते मला पक्कं माहीत होतं.

"रेडिएटरला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "बाकी काय म्हणशील ते करतो."

"बाकी सगळं करून झालंय!" रणधीर ओरडला.

खरंच झालं होतं. टायमिंग मागं-पुढं करून बघितलं. पेट्रोल कमी पडत असेल म्हणून दोन्ही कार्ब्युरेटरचे जेट बदलले. हेड उतरवून गॅस्केट नवं टाकलं. पाण्याचा पंप बदलला. थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून बघितला, ठीक होता, तरी नवा घातला. एक्झॉस्ट चोंदला असेल म्हणून तोही उतरवला. दर वेळी पाणी काढायचं, इंजिन धुवायचं, नवं पाणी भरायचं, चढाला घेऊन जायचं आणि दोरी बांधून परत आणायचं. उद्यमनगरातली शेजारची माणसं टपरीवर चहा पिताना विचारायला लागली होती, "काय उमेश, आज किती वळणं?"

आणखी एक म्हणजे पाणी कमी व्हायचं. सकाळी टोपण काढून बघावं तर दोन बोटं खाली. उकळून उतू गेलं असणार, असं मी म्हणायचो. काढलेलं पाणी पिवळट तांबूस असायचं. जुना ब्लॉक, गंज सुटतोय, असं त्याचंही उत्तर माझ्याजवळ होतं. चिडलेल्या माणसाजवळ सगळ्याला उत्तर असतं.

पन्हाळ्याहून आम्ही परत आलो तेव्हा आबा शेडच्या दारात उभे होते.

"काय म्हणतीया?"

"तापली, आबा."

"तुझा पंपच बारका असंल. नाहीतर हेडात चीर असंल, दिसत नसंल अशी. समदं परत बघ." मग रणधीरकडं तोंड करून म्हणाले, "रेडिएटर सोडून बघा म्हणावं. तो मी हौदात घालून बघितलाय. एक बुडबुडा न्हाई."

रणधीरनं माझ्याकडं बघितलं. मी पाना हुडकायच्या निमित्तानं खाली वाकलो.

*

शुक्रवारी दुपारी रणधीर आला तो बगलेत खोका मारूनच. त्यानं तो माझ्या बाकड्यावर आपटला आणि ब्लेडनं पट्ट्या कापल्या. आत पांढराशुभ्र अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर.

"विचारलंस मला?" मी म्हणालो.

"न्हाई. गाडी माझी हाय."

"घेऊन जा मग तुझी गाडी. कुठं न्यायची तिथं ने."

"उम्या, परवा शर्यत हाय! परवा! माझ्या थोरल्या भावानं काय सांगितलंय माहीत हाय तुला? हे शेवटचं. ह्यानंतर गाडी इकायची आणि घरच्या पाइपाच्या कारखान्यात बसायचं. मला एकदा, एकदाच, तो घाट वरपर्यंत चढायचाय. तुझ्या आबांच्या मानापायी मी चौथ्या वळणावर वाफ काढत बसू?"

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मी जास्तच भडकलो.

"थांब," मी म्हणालो. "आत्ता दाखवतो तुला. रेडिएटर ठीक आहे हे तुझ्या हातानं बघ आणि मग तोंड बंद ठेव."

मी गाडी चालू केली, रेस धरली, इंजिन तापू दिलं. बंद केली. पंख्याची वायर काढली आणि रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवायला लागलो. ही तपासणी मला लहानपणी आबांनीच शिकवलेली. जिथं नळीतून गरम पाणी जातंय तिथं हाताला चटका बसतो. जिथं गार लागेल तिथं पाणी पोचत नाही, नळी चोंदलीय. इतक्या दिवसांत मी ही साधी गोष्ट केली नव्हती, कारण करायची वेळ यावी असंच मला वाटत नव्हतं.

वर चटका बसला. हात खाली आला, मधोमध आला, आणि गार लागलं. चांगलं ताटाएवढं गार. मी परत फिरवला. डावीकडंही गार. जवळजवळ अर्धी जाळी गार होती.

"काय?" रणधीर म्हणाला. "काय झालं?"

"लाव हात."

त्यानं लावला. माझ्याकडं बघितलं. एरवी हा माणूस मला सोडणारा नव्हे, पण त्या वेळी त्यानं हात नुसता पँटला पुसला.

"काय चाललंय?" दारातून आबांचा आवाज आला. आमची भांडाभांडी ऐकून ते शेडमधून आले होते. बाकड्याच्या कडेला हात लावत लावत आत आले आणि त्यांचा हात खोक्यावर पडला. बोटांनी त्यांनी तो नवा रेडिएटर चाचपला. "अ‍ॅल्युमिनियम," ते म्हणाले. नुसतंच.

"आबा, तो परत जाणार आहे," मी म्हणालो. "पण जरा इकडं या. जाळीला हात लावून बघा."

त्यांनी हात लावला. माझ्यासारखा सगळीकडं फिरवलासुद्धा नाही.

"चोंदलाय," ते म्हणाले. "नवाकोरा रेडिएटर चोंदतोय कसा? काढ. माझ्या शेडमधी आण."

शेडमध्ये त्यांनी गॅसची बत्ती पेटवली, वरच्या टाकीचा सांधा तापवून टाकी उचलली आणि नळ्यांची तोंडं उघडी केली. पातळ पट्टी घेऊन एका नळीत घातली. पट्टी निम्म्यात अडकली. जोर देऊन ओढली तर तिच्याबरोबर पिवळा चिखल बाहेर आला. आबांनी तो चिमटीत धरला, बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"हळद," ते म्हणाले.

रणधीर वाकून त्या चिखलाकडं बघायला लागला.

"माझ्या रेडिएटरात हळद?" आता आवाज चढला. "कुणी घातली?"

एवढं चिडण्यासारखं त्यात काय, ते सांगतो. आडरस्त्यात ट्रकचा रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर त्यात मूठभर हळद टाकतात. ती फटीत जाऊन बसते आणि गळती तात्पुरती थांबते. पण नळ्याही बुजतात. आबांना त्याचा भयंकर राग. हळद घातलेला रेडिएटर आणला तर आधी ड्रायव्हरचा उद्धार, मग काम. "हळद भाजीत घाल, न्हाईतर नवरीला लाव!" असं ते ओरडायचे. म्हणजे त्यांच्या हातच्या नव्या रेडिएटरात कुणी हळद घालणं, ही भर चौकात मारलेली चपराक होती.

"उम्या, तू?"

"मी कशाला घालू आबा? मी महिनाभर डोकं फोडून घेतोय!"

"मग मगदुमा, तू?"

"काका, आमच्यात हळद कुठल्या डब्यात असते ते पण मला म्हाईत न्हाई!"

"मग काय देवानं घातली?"

"मी घातली."

आई दारात उभी होती. हातात चहाची किटली तशीच.

आबांनी तिच्याकडं तोंड वळवलं. "तू?"

"गळत होता तो," आई म्हणाली. "सकाळी सडा टाकायला येते तर गाडीखाली ओल. पहिल्या दिवशी वाटलं, पोरांनी सांडलं असंल. दुसऱ्या दिवशी वाकून बघितलं. खालच्या टाकीच्या कडंनं थेंब पडत होता. मग चमचाभर टाकली."

"आणि रोज टाकत होतीस?" मी विचारलं.

"तू रोज पाणी बदलायचास की रे! पाणी बदललं की परत गळायचं. मग मी परत टाकायचे."

मला हसू की रडू कळेना. मी पाणी बदलायचो, ती हळद बदलायची. मी इंजिन उलगडून रात्री तळमळायचो आणि माझी आई पहाटे टोपण उघडून त्यात चमचा रिकामा करायची. आईला मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो, त्या दिवशी ओरडलो. "अगं, मला सांगायचं की मग! एवढा जीव खाल्ला मी सगळ्यांचा! तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

ती माझ्याकडं न बघता आबांकडं बघत राहिली.

"माझा रेडिएटर गळत नसतो," आबा म्हणाले. "पाइपाची क्लिप सैल असंल. ह्यानंच आवळली असंल अर्धवट. ती वरनं गळली आणि थेंब खाली आला. तुला काय कळतंय त्यातलं?"

"बरं," आई म्हणाली. "तसंच असंल."

"तसंच असंल न्हाई. दाखवतो. समद्यांना दाखवतो."

त्यांनी एकेक नळी पट्टी मारून मोकळी केली. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रेडिएटर खळाळून धुतला. हळद पार निघून गेली. वरची टाकी परत बसवून डाख दिला. हातांना चाळीस वर्षांची सवय होती, ते आपोआप जिथल्या तिथं जात होते, एवढंच की चेहरा कामाच्या फार जवळ होता. मी म्हणालो, "आबा, भाजेल." ते म्हणाले, "गप."

मग पाइप जोडायची तोंडं बुचांनी बंद केली, एका बुचातून हवेचा पाइप जोडला आणि रेडिएटर दोन्ही हातांनी हौदात बुडवला. हीच शेवटची परीक्षा असते. आत हवा भरायची. कुठं सुईएवढं भोक असलं तरी पाण्यातून बुडबुडे वर येतात.

"सोड हवा."

मी कॉक फिरवला.

खालच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यातून बुडबुडे सुटले. एक-दोन नव्हे, सोडावॉटरची बाटली फोडल्यावर सुटतात तशी धारच. वर येऊन फुटत होते, पाण्यावर गोल उमटत होते. शेडच्या दारातून सरळ ऊन पडलं होतं, हौद चकाकत होता. मी बघत होतो, रणधीर बघत होता, आई बघत होती.

आबा हौदावर वाकले. नाक पाण्याला लागेल इतके वाकले. डावीकडून उजवीकडं बघितलं, परत उजवीकडून डावीकडं. मग ताठ झाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर, शपथ सांगतो, आनंद होता.

"बघितलंस?" ते आईला म्हणाले. "हाय एक तरी बुडबुडा?"

बुडबुडे चाललेच होते.

बाकड्याच्या कडेनं हात लावत येणं, कामावर तोंड टेकवणं, हे सगळं मी रोज बघत होतो आणि मला वाटत होतं, म्हातारपण. त्यांना दिसतच नव्हतं. रेडिएटर केला तेव्हाही ते असेच वाकले असतील, असेच ताठ झाले असतील आणि असेच खूश होऊन आम्हाला सांगायला आले असतील.

"बोला की," आबा म्हणाले. "का गप झालाय?"

आईनं माझ्याकडं बघून मान हलवली. नको, सांगू नको. महिनाभर पहाटे उठून ती जे झाकत होती ते हे होतं. गळती नव्हे.

तेवढ्यात रणधीर बोलला. हाच रणधीर, जो तासाभरापूर्वी आबांच्या मानावरून माझा गळा धरत होता. "न्हाई काका," तो म्हणाला. "एक बी न्हाई. काकूंची कायतरी चूक झाली असंल. कडक झालाय रेडिएटर. आम्ही हाच बसवतो."

त्याचे डोळे भरले होते. मला त्याची मया आली आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. कारण हा रेडिएटर घेऊन तो परवा घाटात जाणार होता. आणि उद्या एखादा ट्रकवाला येईल, आबा हौदावर वाकतील, एक बुडबुडा न्हाई म्हणतील, आणि तो माणूस त्यांच्या शब्दावर माल भरून घाट उतरायला लागेल. आणि मी? मी जन्मभर आबांच्या मागं उभा राहून माना डोलवत राहणार? महिनाभर मला त्या सुईनं फिरवलं होतं, पिवळ्या पाण्यानं फिरवलं होतं, माझ्या आईनं फिरवलं होतं. बस्स झालं.

"आहे, आबा," मी म्हणालो.

"उमेश!" आई म्हणाली.

"आहेत. खालच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्याला. भरपूर आहेत."

आबांचा चेहरा माझ्याकडं वळला. मला वाटलं, मारतील. त्यांनी बाही वर सारली आणि हात हौदात घातला. टाकीच्या कडेकडेनं बोटं सरकवत डाव्या कोपऱ्यापाशी आले आणि थांबले. बुडबुडे त्यांच्या बोटांमधून वर येत होते. ते तसेच राहिले. मी कॉक बंद करायला गेलो तर म्हणाले, "असू दे."

मग त्यांनी विचारलं, मला नव्हे, आईला, "तुला कधीपास्नं म्हाईत हाय?"

"दिवाळीला तुम्ही पणतीच्या शेजारी तेल ओतलंत तेव्हापास्नं."

"आणि बोलली न्हाईस."

"काय बोलू? सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी शेडला कुलूप घातलं असतं. मग दिवसभर घरात बसून काय केलं असतं तुम्ही?"

"ते माझं मी बघितलं असतं!" आबा गरजले. हात पाण्यातून बाहेर काढला, पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. "डोळं जात्यात ते मला ठावं हाय. मला कळत न्हाई व्हय? मला वाटलं, थोडं गेलंय. काम करण्यापुरतं हाय. तुम्ही समद्यांनी मला तसं वाटू दिलं. मी ह्या पोराला सांगत फिरलो, रेडिएटर सोडून समदं बघ! माझ्या तोंडानं सांगितलं! आणि तू वर हळद टाकत बसलीस. हळद! दत्तोबाच्या घरात!"

आई रडायला लागली. किटली तिनं खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. आबा तिच्याकडं दोन पावलं गेले, थांबले, परत आले. त्यांना तिला ओरडायचंही होतं आणि जवळही घ्यायचं होतं, आणि आमच्यासमोर दोन्ही जमत नव्हतं.

नंतर आम्ही त्यांना मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं त्यांनी सांगितलं. पण ते नंतर.

त्या दुपारी आबा थोडा वेळ स्टुलावर बसले. रणधीर हळूच म्हणाला, "उम्या, अ‍ॅल्युमिनियमचा परत नेतो मी. चुकलंच माझं." आबांनी ते ऐकलं.

"न्हेऊ नको," ते म्हणाले. "ह्यो नीट झाला न्हाई तर तोच घाला. शर्यत हाय, लगीन न्हाई. उम्या, बत्ती घे."

"मी?"

"मग काय मगदूम घेणार?"

"आबा, मला डाख द्यायला येत नाही."

हे खरं होतं. लहानपणापासून त्या शेडमध्ये वाढून मी ते काम शिकलो नव्हतो. मला इंजिनं पाहिजे होती.

"तुला येत न्हाई आणि मला दिसत न्हाई," आबा म्हणाले. "बत्ती तू धर, डाख मी देतो. मला फक्त सांगत जा."

त्यांनी कोपरा घासला, डाख धरावा म्हणून नवसागर लावला. मी ज्योत धरली. "जवळ. आणखी. आता पितळाचा रंग काय म्हणतोय?" "काळपट पडतंय." "मागं घे. आता?" "निळसर आलाय." त्यांनी डाखाची कांडी टेकवली. "धरलं का?" "नाही. गोळा झाला नुसता, घरंगळतोय." "बघ, घाई केलीस. परत घास." मी शिवी हासडली, त्यांनी माझ्या दुप्पट हासडली. दुसऱ्या खेपेला माझा हात हलला. तिसऱ्या खेपेला कथील एकदम पातळ होऊन चांदीसारखं चकाकलं आणि सबंध सांध्यात पळत गेलं. मी ओरडलोच, "पळालं आबा, पळालं!" "मग बत्ती काढ की, बावळटा, जाळतोस काय!"

रेडिएटर गार केला. बुचं घातली. परत हौदात बुडवला. मी हवा सोडली.

आई पदर सावरून पुढं आली. रणधीर हौदावर वाकला आणि काही बोलणार तोच आबांनी त्याला हातानं मागं सारलं.

"तू न्हाई. तू गप." मग आईलाही म्हणाले, "तू बी न्हाई." आणि माझ्याकडं तोंड केलं. "उम्या. तू सांग. हाय काय?"

मी बघितलं. सगळ्या कडा बघितल्या. एकदा झाल्यावर परत बघितल्या, कारण आता चूक करून चालणार नव्हतं. त्यांची बाही अजून वर सारलेलीच होती, हात पाण्याच्या अगदी जवळ होता. घातला असता तर त्यांचं त्यांनाच कळलं असतं.

"नाही, आबा," मी म्हणालो. "एक बी न्हाई."

आबांनी बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं.

"मग बघत काय बसलाय?" ते म्हणाले. "बसवा गाडीत."